तिघांनी बघायचा सिनेमा

२३ नोव्हेंबर, रविवार. लातूर

आरतीला मुखेडला तिच्या माहेरी सोडून आलो. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, हा नियम ज्याने केला त्याने नवऱ्यांना विचारलं नसणार. विचारलं असतं तरी नवरे हो म्हणाले असते.

निघताना सासरे, म्हणजे शेषेराव मामा, बसस्टँडपर्यंत आले. वाटेत एकच वाक्य बोलले, "येळवशीला या जावईबापू, शेतावरच भेटू." येळवस म्हणजे वेळ अमावस्या. सासूबाईंनी, सिंधु मामींनी, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला होता. तो अहमदपूर येईपर्यंत अर्धा झाला.

आरती दारात उभी होती. म्हणाली, "आपलं ठरलेलं ध्यानात हाय न्हवं?"

मी म्हटलं, "आहे."

ठरलेलं असं. 'पाषाणपंखी' नावाचा सिनेमा आम्हा दोघांना अतिशय आवडतो. त्याची वाढीव आवृत्ती नऊ जानेवारीला घरबसल्या पाहायला मिळणार आहे. थिएटरमध्ये दाखवताना कापलेली सगळी दृश्यं त्यात असणार, सिनेमा तासाभराने लांबणार. ती आवृत्ती दोघांपैकी कुणीही एकट्याने बघायची नाही. आरती घरी परत आल्यावर, बाळाला घेऊन, तिघांनी बघायची.

घर मोठं वाटतंय. दोन खोल्यांचं घर मोठं वाटणं हा भ्रम आहे, पण वाटतंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

वर्गावर एका मुलाने विचारलं, "सर, तुम्ही फिजिक्स शिकवता आणि उडणाऱ्या दगडाचा सिनेमा कसा काय बघता?" मी त्याला पाठीमागच्या बाकावर पाठवलं. प्रश्न बरोबर होता म्हणूनच पाठवलं.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो. धबधब्यामागे एक किल्ला, किल्ल्यावर दगडाची एक अजस्र पक्षीण, आणि तिला जागं करू शकणारी किल्लेदाराची मुलगी. शेवटी पक्षीण किल्ला वाचवताना मरते. तिचं अंडं गुहेत एकटं राहतं आणि पडदा काळा होतो. धबधब्याचं शूटिंग आपल्या सहस्रकुंडचं आहे, त्यामुळे शेजारच्या इस्लापूरच्या निम्म्या गावाने त्यात सैनिकांचे कपडे घातले होते. सिनेमा साधाच आहे म्हणणारे लोक असतात. त्यांच्याशी मी बोलत नाही.

पाहायच्या कार्यक्रमात मी आरतीला विचारलं होतं, काय आवडतं? मुली अशा वेळी वाचन, स्वयंपाक असं काहीतरी सांगतात. ती म्हणाली, "पाषाणपंखी. नांदेडला जाऊन चारदा पाहिला." मी तिथेच हो म्हणून टाकलं. घरच्यांना वाटलं मला तिची शेती आवडली.

मागच्या वर्षी श्रावणात आमचं मूल गेलं. चौथा महिना होता. त्यानंतर कित्येक दिवस घरात भाजी, दूध, लाईटबिल याशिवाय बोलणं नव्हतं. मला काय बोलावं सुचत नसे आणि तिला बहुतेक ऐकायचं नसे. एके दुपारी तिने लॅपटॉपवर हा सिनेमा लावला. मी शेजारी जाऊन बसलो. सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "अंडं मेलेलं न्हाई." मी म्हटलं, "मेलेलंच आहे." आणि आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो. फार बरं वाटलं.

४ डिसेंबर, गुरुवार

आमच्या चाहत्यांच्या ग्रुपचं नाव 'पाषाणपंखी मंडळ, मराठवाडा'. प्रमुख मी. उपप्रमुख उदगीरचा दयानंद. त्याचं मोंढ्यात धान्याचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसलं की तो सिद्धांत मांडतो.

लातूरचं पाणी अंगात असल्यावर माणूस नुसती वाट बघत बसू शकत नाही. नऊ जानेवारीपर्यंत दर गुरुवारी सरावपरीक्षा ठेवली आहे. प्रश्न सिनेमावर, चार पर्याय, चुकीच्या उत्तराला गुण वजा. आज पहिली झाली. आरती पहिली आली. तिने मुखेडहून, पाय उशीवर ठेवून पेपर दिला. प्रश्नपत्रिका मीच काढतो, त्यामुळे मी परीक्षेला बसत नाही. बसलो असतो तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

शेवटचा प्रश्न अंड्याचा होता. बरोबर उत्तर मी 'मृत' ठरवलं होतं. आरतीने 'जिवंत' लिहिलं आणि मी गुण कापले. रात्री तिचा फोन.

"गुण काहून कापले?"

मी तिला समजावलं. अंडं उबवायला ठरावीक तापमान लागतं. धबधब्यामागची गुहा गार, वर बसायला आई नाही. जीव राहणं शक्यच नाही.

ती म्हणाली, "दगडाच्या पक्षिणीचं अंडं हाय ते. गार असलं म्हणून मेलं कसं? दगड गारच असतो की."

"पुरावा काय?"

"पुरावा वाढीव आवृत्तीत येईल." आणि मग, "तुम्हाला ते मेलेलंच पाहिजे हाय का?"

मला कशाला पाहिजे असेल? मी फक्त तापमान सांगत होतो. ती आजकाल लवकर चिडते. डॉक्टरांनी सांगितलंच आहे, या महिन्यांत असं होतं.

११ डिसेंबर, गुरुवार

दुपारी वर्ग चालू असताना हैदराबादहून फोन. सिनेमावाल्यांच्या ऑफिसमधली एक बाई हिंदीत बोलत होती. वाढीव आवृत्ती लोकांसाठी खुली होण्याआधी काही निवडक चाहत्यांना मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. शूटिंग इकडचं म्हणून खेळ नांदेडला. प्रत्येक ग्रुपमधून एकजण. एकोणीस डिसेंबर, दुपारी बारा. फोन दारात जमा करायचे, आत काय पाहिलं ते कुणाला सांगायचं नाही.

एकोणीस डिसेंबर म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या सगळ्या पट्ट्यात त्या दिवशी घरात माणूस राहत नाही. गावंच्या गावं शेतावर जातात. कडब्याची झोपडीवजा खोप, भाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, आणि बांधावरून जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवणं. त्या दिवशी परका असा कुणी नसतोच. हैदराबादच्या बाईला हे काय माहीत? तिला शुक्रवार तेवढा दिसला.

दयानंदला विचारलं, तू जातोस का? तो म्हणाला, "येळवशीला? सर, बाप घरात घेनार न्हाई मला. तुमीच जा."

मी बाईंना कळवलं की विचार करून सांगतो. पाच मिनिटांनी पुन्हा फोन करून येतो म्हणून सांगितलं. विचार झाला होता.

१३ डिसेंबर, शनिवार

आरतीला सांगितलं की येळवशीला येता येणार नाही, क्लासमध्ये खास परीक्षा आहे.

"येळवशीला? लातुरात?"

मी तयारीत होतो. म्हटलं, "हॉस्टेलची पोरं. विदर्भातली, खानदेशातली. त्यांना कसली येळवस?"

"बरं," ती म्हणाली. लगेच पटलं तिला. "तुमच्या वाटणीची भज्जी काढून ठेवते."

खोटं बोलायचं तर त्यात थोडं सामान्यज्ञान लागतं. हॉस्टेलच्या पोरांचं मला ऐनवेळी सुचलं याचं समाधान वाटलं. आणि आमचं ठरलेलं मोडतोय असंही मला वाटत नाही. ठरलं होतं ते घरी बघायचं. हा थिएटरचा खेळ आहे. तिघांनी बघू तेव्हा मी पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघेन. तिचं काहीच कमी होत नाही.

मग हे तिला सांगायला काय हरकत आहे, असा प्रश्न येतो. तो मी सोडून दिला आहे. कठीण प्रश्न शेवटी सोडवावेत असं मी मुलांना सांगतोच.

२० डिसेंबर, शनिवार. नांदेड

दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितोय. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. हे पहिल्यांदा लिहायला हवं होतं म्हणून पहिल्यांदा लिहिलं.

काल सकाळी लातूरहून निघालो तेव्हा बस जवळजवळ रिकामी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत माणसं. वाटेत कंडक्टरने एका बांधाजवळ गाडी थांबवली, तिथल्या लोकांनी खिडक्यांतून उंडे दिले. मीही घेतला. गोड लागला, आणि उगीचच अवघडल्यासारखं झालं.

थिएटरच्या दारात फोन एका पिशवीत घालून वर चिकटपट्टी लावली. सिनेमाबद्दल लिहिणार नाही, तसं कबूल केलं आहे. एवढंच लिहितो की शेवटी त्या गुहेत अंडं फुटतं. इतका मोठा आवाज होतो की माझ्या पुढचा माणूस खुर्चीतून उठला. आणि आतून ते पिल्लू, ओलं, दगडाचंच, मान वर करतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला पहिल्यांदा काय वाटलं तर आत्ताच्या आत्ता आरतीला फोन करून सांगावं की तुझं बरोबर होतं. हात खिशाकडे गेलासुद्धा. फोन पिशवीत होता.

बाहेर येऊन चिकटपट्टी फाडली तर फोनवर नुसते बालाजीचे न लागलेले कॉल. बालाजी म्हणजे आरतीचा धाकटा भाऊ, मुखेडला खताचं दुकान चालवतो. मी फोन केला.

"दाजी, कुठं हाव? कवापासून लावून राहिलो! आक्काला शेतातच सुरू झालं. मुखेडच्या डॉक्टरनं नांदेडला पाठवलं, आता दवाखान्यात हाव. बाळाचे ठोके कमी पडून राहिलेत म्हनतेत. लगेच निघा."

मी म्हटलं, "निघतो."

तो दवाखाना थिएटरपासून चालत दहा मिनिटांवर आहे. लातूरहून मात्र साडेतीन तास लागतात.

मी दवाखान्यासमोर पोचलो आणि उभा राहिलो. आत गेलो तर इतक्या लवकर कसा आलो हे सांगावं लागणार. आरतीला अशा अवस्थेत ते कळणं बरं नव्हे. तिला धक्का बसला असता, त्याचा परिणाम बाळावर झाला असता. असा विचार करून मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. तेव्हा तो विचार मला अगदी योग्य वाटला. आत्ता लिहिताना तितका वाटत नाही, पण तेव्हा वाटला.

टपरीवाला म्हातारा होता, माणिकप्पा नावाचा. तिसऱ्या चहाला त्याने विचारलं, "आत कोन हाय?"

"बायको. बाळंतीण व्हायची आहे."

"मंग वर जावा की."

"जातो," म्हटलं, आणि बसून राहिलो. मला फार भीती वाटत होती. मूल गेलं ती मागच्या वर्षीची सगळी दुपार डोळ्यांसमोर येत होती. तेव्हा निदान मी दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी होतो.

अंधार पडता पडता बालाजीचा फोन आला. "दाजी, मुलगी झाली! दोघीबी ब्येस हायत. कुठवर आलाव?"

मी वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत त्याची पाठ दिसत होती. मी म्हटलं, "लोह्याच्या थोडं अलीकडे."

तेवढ्यात भोंगा वाजवत एक अॅम्ब्युलन्स दवाखान्याच्या फाटकात शिरली. तो आवाज मला एका कानाने रस्त्यावरून ऐकू आला आणि दुसऱ्या कानाने फोनमधून, किंचित मागून. वर्गात सांगण्यासारखं उदाहरण आहे. मी पटकन फोन बंद केला. बालाजीला काही कळलं नाही.

टपरीमागे जाऊन मी रडलो. मग तोंड धुऊन आणखी तासभर बसलो आणि वर गेलो.

आरती पडून होती. चेहरा पार उतरलेला. "आलात?" म्हणाली.

"बस उशिरा मिळाली."

"पोरांचा पेपर झाला?"

"झाला."

"कसा गेला?"

"बरा गेला."

तिने कापडात गुंडाळलेली मुलगी माझ्या हातात दिली. डोळे मिटलेले, मुठी घट्ट. वजनाला काहीच नाही. एवढ्याशा वस्तूला धरायला दोन हात कमी पडतात हे मला माहीत नव्हतं.

शेतावरचं सगळं जेवण मामा डब्यांतून घेऊन आले होते. "येळवस हाय, आज कुनाला उपाशी ठिवायचं न्हाई," असं म्हणत त्यांनी दवाखान्याच्या जिन्यात पंगत बसवली. इतर पेशंटांची माणसं, वॉचमन, झाडणारी लक्ष्मम्मा, सगळ्यांना भज्जी आणि आंबील. तिथली माणसं संपली तेव्हा उरलेला डबा घेऊन मामा खाली उतरले आणि रस्ता ओलांडून थेट माणिकप्पाच्या टपरीवर गेले.

मी खिडकीतून बघत होतो. माणिकप्पाने डबा घेतला, हात जोडले. मामा काहीतरी बोलले, वर दवाखान्याकडे बोट केलं. मग माणिकप्पा काहीतरी बोलला, त्यानेही वर बोट केलं आणि मग आपल्या बाकड्याकडे. मामा बराच वेळ तसेच उभे राहिले. मी खिडकीपासून मागे सरलो. पण वर आल्यावर त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. माझ्या ताटात आणखी एक उंडा वाढला आणि म्हणाले, "खावा. दिवसभराचे दमलाव." म्हणजे बोलणं जेवणाबद्दलच झालं असावं.

२४ डिसेंबर, बुधवार. लातूर

क्लास बुडवता येत नाही म्हणून परत आलो. दोघी मुखेडला आहेत. रोज संध्याकाळी फोन करतो. मुलगी रडते, दूध पिते, झोपते. तिच्या दिनक्रमात फारसं सांगण्यासारखं नसतं, तरी मी तासभर ऐकतो.

आज मी आरतीला म्हटलं, "मी पुन्हा विचार केला. ते अंडं जिवंत असू शकेल."

ती म्हणाली, "काहून? गुहा गरम झाली का?"

"तुझं म्हणणं पटलं. दगड गारच असतो."

"वर्षभर नव्हतं पटलं."

"आता पटलं."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तिला आनंद झाला असणार. बाळंतिणीचं मन राखावं म्हणतात, ते मी राखलं. तेही खोटं न बोलता.

३० डिसेंबर, मंगळवार. मुखेड

बारसं. आत्याने, म्हणजे माझ्या बहिणीने उदगीरहून येऊन पाळण्यात नाव ठेवलं, शिवांगी. कुर्र करताना पाठीत गुद्देही रीतसर मिळाले तिला.

जेवणं चालू असताना बालाजीने मोठ्याने विचारलं, "दाजी, लोह्याचा चहा कसा असतो वो?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मामी म्हणाल्या, "गप रे." मी म्हटलं, ठीक असतो. बालाजीला कशावरही विनोद करायची सवय आहे. आरती हसली नाही. ती पाळण्याची दोरी ओढत होती.

निघताना तिने विचारलं, "नऊ तारखेला येता का इकडं? टीव्ही हाय इथं. इथंच बघू तिघं."

मी म्हटलं, "इथे तुझ्या खोलीत शेक-शेगडी, येणारी-जाणारी माणसं. कशाला धावपळ? तू घरी आलीस की निवांत बघू."

"तुम्हाला घाई न्हाई?"

"नाही."

"चांगलं हाय," ती म्हणाली. मामींनी लाडवांचा डबा दिला नाही. गडबडीत विसरल्या असतील.

९ जानेवारी, शुक्रवार. लातूर

आज आवृत्ती आली. ग्रुपवर पहाटेपासून धुमाकूळ. दयानंदने दुकानाला कुलूप लावून पाहिला आणि मग मला फोन करून रडला. उदगीरच्या मोंढ्यातला माणूस रडतो म्हणजे सिनेमात काहीतरी आहे.

अंड्याबद्दलचे मेसेज येतील तसे मी काढून टाकतोय. आरती ग्रुपवर आहे, तिला आधीच कळायला नको. "आरतीताई, तुमचंच खरं निघालं" असं कुणीतरी लिहिलं, तेही काढलं. तिने मात्र काही लिहिलं नाही. मंडळात सगळ्यांत जास्त वाट पाहिली असेल तर तिने. आणि आज सगळं मंडळ बघतंय आणि ती पाळणा हलवत बसली आहे. तिच्या संयमाचं मला कौतुक वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. ही दुसरी गोष्ट लिहून खोडणार होतो. राहू दे.

११ जानेवारी, रविवार

आरतीचा आवाज बसलेला होता. विचारलं तर म्हणाली, सर्दी.

"आवृत्ती बघायची फार इच्छा होत असेल ना?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आता न्हाई."

बाळ झालं की आवडीनिवडी बदलतात असं वाचलं होतं. पण इतक्या लवकर?

१ फेब्रुवारी, रविवार. मुखेड

दोघींना बघायला आलो. शिवांगी आता दिव्याकडे बघते. माझ्याकडेही बघते, पण दिव्याकडे जास्त.

संध्याकाळी मामा मला शेतावर घेऊन गेले. हरभरा घाट्यात आला होता. वेळ अमावस्येची खोप अजून तशीच उभी होती, तिच्याजवळ उभं राहून म्हणाले, "हितंच कळा सुरू झाल्या तिला. सगळ्या शेतांतली मानसं पळत आली. ईश्वरप्पाची जीप, वीरभद्रच्या बायकोनं हात धरलेला. आरती एकच म्हनत व्हती, ह्यांना फोन लावा, ह्यांना फोन लावा."

ते थोडा वेळ वाट बघत उभे राहिले. कशाची ते कळलं नाही. मग म्हणाले, "चला, गार सुटलं."

परत येताना मला वाटत होतं की सांगून टाकावं. बांध ओलांडताना वाटलं, रस्त्याला लागल्यावर वाटलं, दारात आल्यावर वाटलं. मग मामींनी चहा आणला.

२२ फेब्रुवारी, रविवार. लातूर

काल दोघी घरी आल्या. घर आता लहान वाटतं.

आज दुपारी जेवणं झाल्यावर आरतीच म्हणाली, "लावा. तिघं हाव आता." मी पडदे ओढले. ती भिंतीला उशी लावून बसली, शिवांगी तिच्या मांडीवर झोपलेली. मी शेजारी बसलो, रिमोट दोघांच्या मध्ये. सिनेमा सुरू झाला.

मी उत्तम काम केलं. नवीन दृश्य आलं की "अरे, हे तर नव्हतं!" म्हणायचो. आरती काहीच म्हणत नव्हती. मध्येच वाटलं की तिला झोप लागली, पण तिचे डोळे उघडे होते. किल्लेदाराच्या मुलीची एक लांबलचक नवीन लढाई आहे, मी स्वतः ती पुन्हा बघतानाही पुढे सरकून बसलो. आरतीने फक्त शिवांगीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

मग गुहा आली. अंधार, पाण्याचा आवाज, मधोमध अंडं. मला आठवलं की आता तो स्फोटासारखा आवाज होणार. शिवांगी दचकून उठेल. मी काही विचार न करता रिमोटकडे हात नेला.

रिमोटवर आरतीचा हात होता.

तिने आवाज बंद केला. माझा हात तिच्या हातावर तसाच राहिला. पडद्यावर अंड्याला तडा गेला, दगड उडाले, पिल्लाने मान वर केली. कसलाही आवाज न होता. शिवांगी झोपलेलीच होती.

आम्ही दोघं पडद्याकडेच बघत होतो.

"तू पाहिलास," मी म्हटलं.

"नऊ तारखेलाच. तुम्ही घाई न्हाई म्हनलात तवाच कळलं मला, तुम्ही आधीच पाहिलाय. त्याच्या आधी बाबांना त्या चहावाल्यानं सांगितलंच व्हतं. मी म्हनलं, दुसरा कुनी असंल. एकटीनं बघून राहिले व्हते आणि रडून राहिले व्हते."

"आरती, मी समोरच होतो. दवाखान्याच्या समोर."

"म्हाईत हाय."

मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. सांगण्यासारखं काहीतरी शोधत होतो, ते धक्का बसला असता वगैरे. तोंडाशी आलंही. पण तिच्याकडे बघितल्यावर बोलवेना.

ती अजून पडद्याकडेच बघत होती. हळूच विचारलं, "ही रडली तवा खाली ऐकू आलं का?"

मी म्हटलं, "नाही. रस्त्यावर गाड्या होत्या."

"लई मोठ्यानं रडली व्हती," ती म्हणाली. "मला वाटलं, आलंच असंल ऐकू."

मी शिवांगीला तिच्या मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर घेतलं. आरतीने घेऊ दिलं. थोड्या वेळाने तिने रिमोट माझ्याकडे सरकवला.

"आता वाढवा आवाज," म्हणाली. "हितून पुढं लई हळू बोलतेत."

मी आवाज वाढवला.